पुकामायुची यंदाची चाल

११ जानेवारी

घरी आलो. नऊ वर्षांनी.

ट्रकने ओढ्यापाशी सोडलं, पुढे चालत. दादा बटाट्याच्या शेतात वाकलेला होता, पाठ माझ्याकडे. मी वरच्या बांधावरून हाक मारली. पुन्हा मारली. शेजारच्या शेतातल्या बाईने वळून पाहिलं. दादाने नाही.

खाली उतरून त्याच्या पुढ्यात उभा राहिलो तेव्हा त्याने मान वर केली. "आलास?" म्हणाला. इतक्या मोठ्याने, जणू मी अजून बांधावरच होतो.

सातुर्निना वहिनीने सूप वाढलं. मी ब्युनोस आयरेसबद्दल बोललो, शिवणयंत्रांबद्दल, दार बाहेरून बंद करणाऱ्या मालकाबद्दल. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता, दातांत काही अडकलंय का ते पाहावं तसा. त्याने द्यायची ती सगळी उत्तरं वहिनीने दिली.

शेत आणि म्हातारी आई, ती होती तोवर, दोन्ही त्याच्यावर टाकून गेलो होतो. तो बोलणार नाही हे मला बसमध्येच ठाऊक होतं.

१४ जानेवारी

तेओफिलो आला. मामाचा मुलगा, दादाच्या बासरीवाल्या ताफ्यात ढोल वाजवतो. पोट सुटलंय. माझ्या कानातली वायर बघून दारातच थांबला.

"हा काय किडा घातलास कानात?"

मी त्याला डबी दाखवली. बोटाएवढी आहे, एक बारीक सेल लागतो, सेलचं झाकण तुटलंय म्हणून चिकटपट्टी लावली आहे. डावा कान अधूनमधून बंद पडतो. यात आपल्या गावाचे, पुकामायुचे, पाच कार्निव्हल आहेत. तिकडच्या लिनियेर्सच्या बाजारात आपल्याकडचाच एक जण भरून देत असे. दिवसभर चेन शिवताना मी हेच ऐकत होतो. बाकीचे कोलंबियाची गाणी ऐकायचे. मी दादाची बासरी ऐकायचो. हे मी तेओफिलोला सांगितलं नाही.

त्याने एक कान लावून पाहिला आणि लगेच काढला. "मागच्या वर्षांच्या चाली? येड्या, पुरून टाक ते. जुनी चाल वाजली की गारा पडतात."

"कानातल्या कानात वाजतं. ढगाला कसं कळणार?"

"ढगाला नाही, पाण्यातल्या सिरीनाला कळतं. सारखं कानात घालून बसलास तर कानच घेईल ती. केल्वा गावच्या म्हाताऱ्याचे घेतले तसे. मग रीतीप्रमाणे त्याच्या बासऱ्या लोकांनी नदीत टाकल्या. तो जिवंत असताना, त्याच्या डोळ्यांदेखत." मग हसला. "नवरी नाही आणलीस तिकडून? हा किडाच आणलास?"

१९ जानेवारी

दादाला विचारलं. तो अंगणात बासरीची भोकं तासत होता. मी बाजूला बसलो आणि जमिनीकडे बघत म्हणालो, "दादा, यंदा मला ताफ्यात घे. तुझ्या उजव्या हाताला. लहानपणी उभा राहायचो तिथे."

तो तासत राहिला. लाकडाचा भुसा फुंकला. दुसरं भोक घेतलं.

मी बराच वेळ बसलो. शेवटी उठलो तेव्हा त्याने दचकून माझ्याकडे पाहिलं, आत्ताच आलो असल्यासारखं, आणि म्हणाला, "जेवलास का?"

वहिनी आतून आली. "विचार करतायत ते, भाऊजी."

उजव्या हाताची जागा तेओफिलोच्या धाकट्या भावाला दिली आहे.

२३ जानेवारी

दादा पहाटे धबधब्यावर गेला. बासऱ्या, कोकाची पानं, रंगीत लोकर, मिठाई, सगळं रीतीप्रमाणे. दर वर्षी एकट्यानेच जायचं असतं. बासऱ्या पाण्यापाशी ठेवायच्या, दूर बसायचं, आणि सिरीना देईल ती चाल घेऊन यायची. यंदा वहिनी बरोबर गेली. खाली खडकापाशी थांबले, म्हणाली. बाईने तिथवरही जायचं नसतं.

मला सोबत नेणं त्याला जमलं असतं. बायको चालते, भाऊ नाही.

परतताना ती पुढे, तो तिच्या मागे. चाल मिळाली, असं तिनेच गावाला सांगितलं.

२५ जानेवारी

पहिली तालीम, कासिमिरो काकांच्या अंगणात. यंदाच्या कार्निव्हलचा भार त्यांच्यावर आहे. प्यायला मक्याची चिचा त्यांची, जेवण त्यांचं, ट्रक त्यांचा. त्यांनी दोन बैल विकले असं ऐकलं. साकानी गावच्या चौकात सात गावांचे ताफे येतात. आपली चाल पडली, तर वर्षभर बाजारात कुणीही हसतं.

बासऱ्यांत चिचा ओतून लाकूड फुगवलं. दादाने चाल दाखवली. वाजवताना तो बासरीचं टोक दातांवर घट्ट दाबून धरतो आणि स्वतःच्या बोटांकडे बघतो. पूर्वी आकाशाकडे बघायचा. त्याने एकदा वाजवली आणि सगळ्यांनी उचलली.

"बोटांवर आपोआप बसतेय यंदा," तेओफिलोचा भाऊ म्हणाला.

"सिरीना खूश आहे," कासिमिरो काका म्हणाले.

मी भिंतीला टेकून उभा होतो. आधी पायांना कळलं, मग मला. ही चाल मी किती तरी पँटींच्या चेन शिवताना ऐकली आहे. पाच वर्षांपूर्वीची आहे.

मेंढ्यांच्या कुंपणामागे जाऊन डबी लावली. तीच.

इथे कुणाला जुनी चाल आठवत नाही. आठवायची नसते. कार्निव्हल संपला की चाल सोडायची आणि बासऱ्या गुंडाळून ठेवायच्या. नंतर कुणी नुसती शीळ घातली तरी म्हातारे थोबाडीत मारतात. गावाने नीट विसरून दाखवलं आहे. माझ्यासारखा दूर बसून घोकणारा कुणी असेल हे दादाच्या ध्यानात आलं नसणार.

म्हणजे त्याला काही मिळालं नाही. सिरीनाने रिकाम्या हाताने पाठवलं आणि त्याने गावाला शिळं वाढलं.

मी कुणाला सांगितलं नाही.

१ फेब्रुवारी

आठवडाभर विचार केला. ठरवलं की त्याला एकट्याला सांगायचं. तुझं गुपित माझ्याजवळ आहे, ते माझ्याजवळच राहील. शब्दांत नाही, चाल ऐकवून. एवढं केलं तर त्याला माझ्याकडे बघावंच लागेल.

तो उन्हात बसला होता. मी समोर बसलो, डबी दाखवली, त्याच्या दोन्ही कानांत वायरची बोंडं घातली. त्याने हरकत घेतली नाही. मी कळ दाबली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो.

त्याने डोळे मिटले. मान हलवू लागला. पायाने ठेका धरला. मी वाट बघत होतो की आता थांबेल, आता डोळे उघडेल. तो हसला. "छान," ओरडला. "आपलीच ना? छान वाजवतात."

"ओळखलीस?" मी विचारलं.

त्याने माझ्या ओठांकडे पाहिलं. "हो, हो. छान."

वहिनी दारात उभी होती, हातातली मेंढीची कातडी तशीच. ती आली आणि तिने स्वतः त्याच्या कानांतून बोंडं काढली. "पुरे आता, भाऊजी," म्हणाली.

मी एक बोंड माझ्या कानाला लावलं. आत काहीच नव्हतं. सेल संपलेला होता. डबी सुरूच झाली नव्हती.

काही वाजत नसताना तो माझ्यासमोर डुलत होता.

नऊ वर्षं मी त्याची बासरी कानात घेऊन बसलो. आणि त्याने माझी अशी टर उडवली, बायकोसमोर.

२ फेब्रुवारी

दुकानातून दोन सेल आणले.

८ फेब्रुवारी

केलं.

तालीम संपली होती, चिचा फिरत होती. कासिमिरो काकांच्या रेडिओला डबीची वायर लागते हे मी आधीच बघून ठेवलं होतं. म्हणालो, "काका, तिकडे परदेशात मी काय ऐकायचो ते सगळ्यांना ऐकवतो."

"कोलंबियाच्या पोरी?" तेओफिलो म्हणाला. सगळे हसले.

मी कळ दाबली. आधी गर्दीचा आवाज आला, मग बासऱ्या. हसणारे हळूहळू थांबले. तेओफिलोच्या भावाची बोटं मांडीवर चालत होती, आत्ताच तालमीत चालली तशी. त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने मूठ मिटली. शेवटी कुणीतरी ओरडतं, "दोन हजार चार! पुकामायु झिंदाबाद!" तो आवाज तेओफिलोचाच होता.

सगळे दादाकडे वळले.

दादा काठी हातात घेऊन बसला होता, ताफ्याच्या पुढाऱ्याची लोकर गुंडाळलेली काठी. त्याने सगळ्यांचे चेहरे पाहिले. मग रेडिओ पाहिला, वायर पाहिली, मला पाहिलं. आणि हसून चिचाचा वाडगा वर केला.

"हे काय आहे, अन्सेल्मो?" कासिमिरो काकांनी विचारलं.

"चांगलं आहे," दादा म्हणाला. "चांगलं आहे."

"थट्टा करतोस? माझ्या घरात बसून?"

"हो, हो," दादा म्हणाला.

एक म्हातारा थुंकला. काकांनी दादाच्या हातातला वाडगा पाडला. दादा त्या सांडलेल्या चिचेकडे बघत राहिला.

मग बायकांच्या बाजूने वहिनी उठली. मधोमध आली, दादाच्या आणि काकांच्या मध्ये. तिने शाल नीट केली. म्हणाली, "जुनीच आहे. यंदा मिळाली नाही. मीच म्हटलं, जुनी द्या, कुणाला कळतंय. त्यांना बोलू नका. ते पिऊन तर्र झालेत."

दादा प्यायलेला नव्हता. वाडगा भरलेला होता म्हणून तर एवढी सांडली.

नवऱ्यासाठी ती एवढं खोटं बोलेल असं वाटलं नव्हतं. स्वतःला लबाड म्हणवून घेतलं, पण त्याला तोंड उघडू दिलं नाही.

काठी तिथेच काढून घेतली.

९ फेब्रुवारी

मी आता मामाकडे राहतो. वहिनी माझी गोधडी द्यायला आली. आत आली नाही.

"भाऊजी, तुमचे कान चांगले आहेत," म्हणाली.

"नऊ वर्षं ऐकलंय, वहिनी."

"देव राखो तुमचे कान."

पहिल्यांदाच तिने माझ्याबद्दल काही बरं म्हटलं.

१० फेब्रुवारी

कासिमिरो काकांनी काठी माझ्याकडे दिली. कार्निव्हल तोंडावर आला आहे आणि गावाकडे चाल नाही. "तुझ्यामुळे झालं, तूच निस्तर," म्हणाले. "एवढे कान आहेत तर जा आणि घेऊन ये. दोन बैल गेलेत माझे."

तेओफिलो म्हणाला, "आणि तो किडा घेऊन जाऊ नकोस."

१२ फेब्रुवारी

धबधब्यावर डबी नेली. तिला आवाज भरताही येतो.

पानं ठेवली, लोकर ठेवली, दारू शिंपडली. बासऱ्यांशेजारी दगडावर डबी ठेवली, तांबडा दिवा लावून, आणि खडकामागे जाऊन बसलो. थंडी फार होती. पाण्यातून काही ऐकू येतं का ते नीट ऐकलं. पाणी ऐकू आलं.

उजाडल्यावर परत आलो. गाव वाटेवर उभं होतं. "मिळाली?" काकांनी विचारलं.

"मिळाली," म्हणालो. डबीत असेल असं खरंच वाटत होतं.

१३ फेब्रुवारी

दिवसभर ऐकलं. पाणी आहे. एकदा मी खोकलोय.

दादाला लहानपणी विचारलं होतं की ती कशी सांगते. तो म्हणाला होता, ती सांगत नाही, आपण थकलो की ऐकू येतं. मी थकलो आहे.

१४ फेब्रुवारी

डबीत सगळ्यात जुना कार्निव्हल मी गेलो त्याच्या पुढच्या वर्षीचा आहे. ती चाल अवघड आहे. मध्ये एक मोठं वळण आहे, तिथे बासऱ्या खाली जातात आणि सगळे संपल्यासारखे होतात, मग ढोल त्यांना उचलतो. यंत्रावर बसून ही ऐकताना माझे हात थांबायचे आणि मुकादम टपली मारायचा.

आज दिवसभर ती बोटांवर बसवली. संध्याकाळी ताफ्याला दाखवली. मी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. कुणाच्या कपाळावर काही दिसलं नाही. बोटांवर लवकर बसते असं कुणी म्हणालं नाही. कासिमिरो काकांचे डोळे भरून आले. "अशी चाल अन्सेल्मोनेही कधी आणली नव्हती," म्हणाले.

घरी येऊन डबीतून ती पुसून टाकली. आता ती कुठेच नाही. म्हणजे ती नवीच आहे.

ती ओळखू शकेल असा एकच माणूस आहे. तो घराबाहेर पडत नाही.

२२ फेब्रुवारी

हे बुधवारी लिहितोय. त्या दिवशी लिहायला जमलं नाही.

साकानीचा चौक भरला होता. बाकीच्या गावांचे ताफे वाजवून बाजूला झाले. आम्ही शिरलो आणि ते मोठं वळण आलं तेव्हा केल्वाची माणसं हातातले वाडगे तसेच धरून उभी राहिली. त्यांच्या बायका आमच्या मागे नाचायला आल्या. सात गावांत असं कधी होत नाही. तेओफिलो ढोलाआडून ओरडला, "मालक, पुढच्या वर्षी केल्वात लग्न कर!"

दुसऱ्या फेरीत मला दादा दिसला. चर्चच्या पायऱ्यांवर, धुतलेला सदरा घालून. वहिनी बरोबर नव्हती, तिला चुकवून आला असणार. तो चेहऱ्यांकडे बघत नव्हता. आमच्या बोटांकडे बघत होता.

त्याने स्वतःचे दोन्ही हात छातीशी आणले, बासरी धरल्यासारखे. त्याची बोटं हलू लागली. आमच्यापेक्षा थोडी मागे, मग अगदी बरोबर. वळणाशी ती आमच्याआधी तिथे पोचली होती.

त्याने ओळखली होती.

आता तो ओरडणार, असं मला वाटलं. सात गावांसमोर. माझ्या बासरीचा सूर फाटला.

पण तो हसत होता. पायऱ्या उतरून तो सरळ आमच्याकडे आला, हात पसरून. आम्ही त्याची चाल त्याच्यासाठी वाजवतोय असं त्याला वाटलं असावं. काठी काढून घेतली, पण चाल परत केली, असं काहीतरी. तो रिंगणात शिरला, तेओफिलोच्या पुढे, आणि नाचू लागला. ठेका सोडून नाचत होता. लोक हसले. "काढा त्याला," कासिमिरो काका म्हणाले. दादा माझ्याजवळ आला. त्याचं तोंड उघडलं. तो मला काहीतरी सांगणार होता, आणि तो नेहमी ओरडूनच बोलतो.

मी शिट्टी वाजवली.

पुढाऱ्याची शिट्टी वाजली की रिंगण उलटं फिरतं, सगळं एकदम. ते शिकवावं लागत नाही. मागच्या रांगा धावत वळल्या. दादा तसाच पुढे नाचत राहिला, त्यांच्या अंगावर. ढोल त्याच्या छातीला लागला आणि तो हातांवर पडला. मागून येणाऱ्यांना दिसलं नाही. टायरच्या वहाणा, चिखल, चाळीस माणसं. दुसरी शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नसतं.

मी दुसरी शिट्टी फेरी पूर्ण झाल्यावर वाजवली.

दादाच्या उजव्या हाताची बोटं गेली. डाव्याची दोन.

पहिला मान पुकामायुला मिळाला.

२७ फेब्रुवारी

वहिनी बोलावण्याशिवाय मामाकडे आली. या वेळी आत आली.

"त्यांना शिट्टी ऐकू आली नाही," म्हणाली.

"गोंगाट होता, वहिनी."

"गोंगाट नव्हता. तीन वर्षं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवाही."

बांध, अंगण, डबी, वाडगा, एक एक करून सगळं समोर आलं. मग मी म्हणालो, "सांगायचं होतं."

"कुणाला सांगायचं होतं, भाऊजी?"

ती मूठभर चुन्यो, वाळवलेले बटाटे, खाऊन, पाणी पिऊन गेली. मामी म्हणाली, बाई खंगली.

२८ फेब्रुवारी

विचार केला.

दादा घरात पडून आहे. हात बरे होतील न होतील, तोंड आहे. तो कधीतरी म्हणेल की चाल त्याची होती. तेओफिलो जाऊन बसतो त्याच्याकडे. तेओफिलो मूर्ख आहे, पण ठेका विसरत नाही.

बहिऱ्या माणसाने चाल ओळखली असं म्हटलं तर कोण मानेल?

शिवाय रीत आहे. मी केलेली नाही.

कासिमिरो काकांकडे जाऊन दादाच्या कानांचं सांगून आलो.

१ मार्च

आज चाल सोडण्याचा दिवस. दुपारी सगळे दादाच्या दारात जमलो. काका पुढे, त्यांच्यामागे काठी घेऊन मी. वहिनीने बासऱ्या स्वतः बाहेर आणून दिल्या, कापडात गुंडाळून. कुणाकडे पाहिलं नाही तिने. मग तिने आमच्यावर दार लावलं नाही, उघडंच ठेवलं.

दादा बाहेर आला. दोन्ही हात फडक्यात. बासऱ्या कुठे चालल्या ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो माझ्यासमोर उभा राहिला, अगदी जवळ, आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

तो ओरडला, "वळणाच्या आधी श्वास घ्यायचा असतो. सगळ्यांनी एकदम. तुम्ही घाई केलीत."

सगळ्यांनी ऐकलं.

कासिमिरो काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बिचारा," मला म्हणाले. "अजून वाजतंय त्याच्या डोक्यात काहीतरी."

"हो," मी म्हणालो.

बासऱ्या नदीत मीच टाकल्या. लाकूड हलकं असतं, बराच वेळ दिसत राहिल्या. परतताना काकांनी पुढच्या वर्षीचं विचारलं. काठी माझ्याकडेच राहील म्हणाले, केल्वाचे लोक आत्तापासून विचारतायत.

डबीत अजून तीन चाली आहेत, जी त्यांनी ऐकली ती सोडून. नवा सेल घातलाय. या वेळी घाई करणार नाही. दादा कुठे श्वास घेतो ते नीट ऐकणार आहे.